वजनाचा काटा अर्धंच सांगतो : पचनसंस्थेचे कर्करोग, पोषण आणि झिजणारे स्नायू

पीएचडीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मी ओपीडीत बसून रुग्णांची वजनं नोंदवत होते. जठराच्या कर्करोगाचे एक काका तीन आठवड्यांनी परत आले होते. काट्यावर उभे राहिले आणि आकडा आला आधीपेक्षा दीड किलो जास्त. मला फार आनंद झाला. काकूंना म्हटलं, "बघा, वजन वाढलं!" काकूही हसल्या. मी फॉर्मवर 'वजनात सुधारणा' असं लिहून टाकलं.

संध्याकाळी माझ्या गाईड मॅडमनी तो फॉर्म पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "पोट बघितलंस का त्यांचं?"

नव्हतं बघितलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर पोट फुगलेलं, पायांवर सूज. पोटात पाणी झालं होतं. काट्याने ते पाणी मोजलं आणि मी त्याला सुधारणा म्हटलं. पुन्हा नीट बघितल्यावर दिसलं की काकांच्या कानशिलांत खड्डे पडलेत, गळ्याजवळची हाडं वर आलीत, मांड्या पार गेल्यात. माणूस झिजत होता आणि माझ्या नोंदीत तो सुधारत होता.

तो फॉर्म मी दुरुस्त केला, पण काकूंना दिलेला आनंद परत कसा घ्यायचा हे मला कळलं नाही. माझ्या विषयाची खरी सुरुवात तिथे झाली असं मी मानते. 'पोषणस्थिती' हा शब्द आपण सहज वापरतो, पण ती मोजायला निघालं की पायाखालची जमीन हलते. तुमच्यापैकी जे पोषण, नर्सिंग, फिजिओथेरपी, वैद्यक किंवा जीवशास्त्रातून संशोधनाकडे येऊ पाहतायत, त्यांच्यासाठी हा विषय जरा सविस्तर मांडते.

तीन शब्द, तीन अर्थ

वाचन सुरू केलं की तीन शब्द सतत भेटतात : कुपोषण, सार्कोपेनिया आणि कॅकेक्सिया. अनेक प्रबंधांत ते एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. तसं करू नका, कारण प्रत्येकाची व्याख्या वेगळी आहे आणि व्याख्या बदलली की तुमचे रुग्णही बदलतात.

कुपोषण हा सर्वांत मोठा कंस. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लिम निकषांनुसार कुपोषण म्हणायला दोन बाजू लागतात. एक बाजू शरीरावर दिसणारी : वजन घटणं, बीएमआय कमी असणं किंवा स्नायू कमी असणं. दुसरी बाजू कारणाची : खाणं कमी होणं, अन्न अंगी न लागणं किंवा आजारामुळे शरीरात दाह असणं. दोन्ही बाजूंतली किमान एकेक गोष्ट हवी. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटलं तर ते पहिल्या बाजूत मोजतात. आशियाई लोकांसाठी बीएमआयची मर्यादा वेगळी आहे : सत्तरीच्या आतल्यांना १८.५ पेक्षा कमी, सत्तर आणि त्यापुढच्यांना २० पेक्षा कमी.

सार्कोपेनिया म्हणजे स्नायूंची कमतरता. अर्विन रोझेनबर्ग यांनी हा शब्द १९८९ मध्ये मांडला. ग्रीकमध्ये 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. मूळ संदर्भ म्हातारपणाचा होता. नंतर व्याख्येत एक महत्त्वाचा बदल झाला. युरोपीय गटाने २०१९ च्या सुधारित मसुद्यात स्नायूंच्या ताकदीला पहिलं स्थान दिलं आणि प्रमाणाला दुसरं. म्हणजे आधी हाताची पकड बघा, मग स्नायू किती आहेत ते मोजा. कर्करोगाच्या संशोधनात मात्र आजही पुष्कळ लेखांत फक्त सीटी स्कॅनवर स्नायू कमी दिसले की 'सार्कोपेनिया' लिहून मोकळे होतात. वाचताना हे आधी तपासा.

कॅकेक्सिया ही गोष्ट निराळी. २०११ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार, ज्यात स्नायू सतत घटत जातात, चरबी घटेल किंवा घटणारही नाही, आणि जी नुसतं खाणं वाढवून पूर्ण उलटवता येत नाही, अशी अवस्था म्हणजे कॅकेक्सिया. त्याचे निकष असे : सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजनघट, किंवा बीएमआय २० पेक्षा कमी आणि २ टक्क्यांहून अधिक घट, किंवा सार्कोपेनिया आणि २ टक्क्यांहून अधिक घट. तिचे तीन टप्पे मानतात. पहिला पूर्वावस्थेचा, दुसरा प्रत्यक्ष कॅकेक्सियाचा आणि तिसरा असा की जिथे उपचारांना शरीर साथ देत नाही.

या व्याख्येतलं 'खाणं वाढवून पूर्ण उलटवता येत नाही' हे वाक्य मी टेबलासमोर चिकटवून ठेवलंय. का, ते पुढे येईल.

पचनसंस्थाच का?

कर्करोग कुठलाही असो, वजन घटू शकतं. मग अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड, यकृत, मोठं आतडं यांचा वेगळा अभ्यास कशाला?

१९८० मध्ये डेविस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३,०४७ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. किमोथेरपी सुरू होण्याआधीच्या सहा महिन्यांत कुणाचं वजन घटलं, हे त्यांनी कर्करोगाच्या प्रकारानुसार मांडलं. काही प्रकारच्या लिम्फोमात साधारण ३१ टक्के रुग्णांचं वजन घटलं होतं. जठर आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं. अभ्यास जुना आहे, पण या विषयावरचे लेख अजूनही तिथूनच सुरू होतात.

कारणं उघड आहेत. इथे गाठ थेट अन्नाच्या वाटेवरच बसते. अन्ननलिकेत गाठ असेल तर आधी भाकरी अडकते, मग भात, मग वरण, शेवटी पाणीसुद्धा. जठराची गाठ असेल तर दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. शस्त्रक्रियेत जठर काढलं तर साठवायची जागाच गेली. शिवाय ब-१२ जीवनसत्त्व शोषलं जायला लागणारा घटक जठरातच तयार होत असल्याने तेही बाहेरून द्यावं लागतं. स्वादुपिंडाच्या गाठीत पाचकरस आतड्यात पोचत नाहीत. माणूस खातो, पण स्निग्ध पदार्थ न पचताच बाहेर पडतात. शौच तेलकट, फिकट आणि पाण्यावर तरंगणारं होतं. हे विचारलं नाही तर रुग्ण स्वतःहून सांगत नाही, आणि विचारलं तर पाचकद्रव्यांच्या कॅप्सूल देऊन बराच फरक पडू शकतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात वजन त्यामानाने कमी घटतं, आणि त्यामुळेच तिथे स्नायूंची झीज नजरेतून सुटते.

त्यावर किमोथेरपीने येणारी मळमळ, तोंड येणं, चव जाणं, जुलाब. आणि त्याच्याही वर भीती आणि खर्चाची काळजी. घरापासून दूर, धर्मशाळेत राहून, एका स्टोव्हवर रांधून खाणाऱ्या माणसाचा आहार हा कुठल्याच तक्त्यात नीट बसत नाही.

उपासमार आणि कॅकेक्सिया यांतला फरक

सुरुवातीला मला वाटायचं, माणूस खात नाही म्हणून झिजतो. मग खायला घातलं की भरून येईल. इतकं सोपं असतं तर या विषयावर कुणी पीएचडी केलीच नसती.

निरोगी माणूस बरेच दिवस उपाशी राहिला तर शरीर काटकसर करायला लागतं. ऊर्जेचा खर्च कमी होतो, चरबी जाळून कीटोन तयार होतात, मेंदू त्यांवर भागवतो आणि स्नायू शक्य तितके राखले जातात. परत जेवायला मिळालं की गाडी रुळावर येते.

कॅकेक्सियात ही काटकसर होत नाही. गाठ आणि तिच्याशी लढणाऱ्या पेशी इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा असे दाहाचे संदेशवाहक रक्तात सोडतात. त्यांच्या प्रभावाने स्नायूंच्या पेशींमधली प्रथिनं मोडणारी यंत्रणा जोरात चालते. मोडायच्या प्रथिनांवर युबिक्विटिन नावाची खूण लागते आणि प्रोटिआसोम त्यांचे तुकडे करतं. दुसरीकडे नवीन प्रथिनं बांधण्याचं काम मंदावतं. यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनसारखी दाहाची प्रथिनं बनवण्यात गुंततं, आणि त्यालाही कच्चा माल म्हणून अमिनो आम्लं लागतातच. ती येतात स्नायूंतून. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर स्नायूंना वापराचा ताणही मिळत नाही. म्हणजे मोडतोड वाढलेली, बांधकाम थांबलेलं.

भूक जाण्यालाही रासायनिक कारण असतं. जीडीएफ-१५ नावाचं एक प्रथिन रक्तात वाढतं आणि मेंदूच्या मागच्या भागातल्या ग्राहीवर जाऊन भूक मारतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण आपल्या घरांत रुग्णाला "तुम्ही मनावर घेत नाही, दोन घास जास्त खाल्ले तर काय होईल?" असं ऐकवलं जातं. तो मनावर घेत नाही असं नाही. त्याची भूक आजाराने बंद केलेली असते. एका ताईंना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मी रोज रागावत होते हो त्यांच्यावर." त्या दिवशी मला कळलं की यंत्रणा समजावून सांगणं हीसुद्धा मदत असते.

मोजायचं कसं?

*प्रश्न विचारून.* पीजी-एसजीए नावाची प्रश्नावली कर्करोगाच्या रुग्णांसाठी खास तयार झालेली आहे. वजन, खाणं, त्रास आणि हालचाल यांविषयीची माहिती रुग्ण स्वतः देतो, पुढची तपासणी आपण करतो. कागदावर सोपी वाटते. पण पहिलाच प्रश्न असतो, सहा महिन्यांपूर्वी वजन किती होतं? आपल्याकडे किती घरांत वजनकाटा असतो? उत्तरं येतात ती अशी : "पँट कमरेवर राहत नाही", "पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडली", "ब्लाऊज आत घ्यावे लागले", "अंगठी आपोआप निघते, म्हणून काढून ठेवली." ही उत्तरं निरुपयोगी नाहीत. ती शब्दशः लिहून ठेवा. जुनं वजन शोधायला जुनी केसपेपरं, रक्तदानाचं कार्ड, विम्याची तपासणी, कारखान्यातली वार्षिक तपासणी असं काहीही चालतं. नोंदलेलं वजन आणि आठवून सांगितलेलं वजन यांसाठी डेटाशीटमध्ये वेगळे रकाने करा. नंतर वेगळं करता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतेय.

*काट्यावर आणि टेपने.* वजन घ्या, पण सूज आणि पोटातलं पाणी यांची नोंद त्याच ओळीत हवी. आशियाई गटाच्या २०१९ च्या निकषांत प्राथमिक चाळणीसाठी पोटरीचा घेर सुचवलाय : पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी, स्त्रियांत ३३ पेक्षा कमी. एक टेप पुरते. मात्र पायावर सूज असेल तर तेही फसवं.

*हाताच्या पकडीने.* डायनॅमोमीटर नावाचं उपकरण दाबायला सांगायचं. बसवून, कोपर काटकोनात, दोन-तीन वेळा, आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. आशियाई निकषांत पुरुषांसाठी २८ किलो आणि स्त्रियांसाठी १८ किलोपेक्षा कमी पकड ही 'कमी ताकद'. ज्या हाताला सलाईनची सुई आहे त्या हाताने दाबायला सांगू नका. आणि कोणता हात वापरला ते लिहा.

*सीटी स्कॅनवर.* या रुग्णांचा सीटी आजाराच्या तपासणीसाठी झालेलाच असतो, म्हणून संशोधकांना तो फार सोयीचा. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एक काप घेतात. त्या कापात पाठीचे, कुशीचे आणि पोटाचे स्नायू एकत्र दिसतात आणि त्या एका कापातलं क्षेत्रफळ संपूर्ण शरीरातल्या स्नायूंशी चांगलं जुळतं. हाउन्सफील्ड एककात उणे २९ ते अधिक १५० या टप्प्यात येणारा भाग स्नायू म्हणून मोजतात. त्या क्षेत्रफळाला उंचीच्या वर्गाने भागलं की मिळतो तो स्नायू निर्देशांक. त्याच प्रतिमेवर स्नायूंची घनताही कळते. घनता कमी म्हणजे स्नायूंत चरबी शिरलेली. म्हणजे आकार आहे पण दर्जा गेलाय.

एक काळजी घ्या. शिरेतून रंगद्रव्य दिल्यावर स्नायूंची घनता बदलते. काही रुग्णांचे स्कॅन रंगद्रव्यासह आणि काहींचे त्याशिवाय असतील तर घनतेची तुलना सरळ करता येणार नाही.

*रक्तात नाही का कळत?* हा प्रश्न हमखास येतो. अल्ब्युमिन कमी म्हणजे कुपोषण, असं आपल्याला शिकवलेलं असतं. खरं तर अल्ब्युमिन दाहातही घटतं. म्हणून ते आजार किती पेटलाय हे सांगतं; पोषणाचं मोजमाप म्हणून त्यावर विसंबू नये. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनबरोबर वाचलं तर त्याचा अर्थ लागतो.

एकाच माणसाची दोन निदानं

आता हिशेब करू. समजा, एक पुरुष रुग्ण आहे. उंची १.६५ मीटर. सहा महिन्यांपूर्वी वजन ६८ किलो, आज ५८ किलो. सीटीवर तिसऱ्या मणक्यापाशी स्नायूंचं क्षेत्रफळ १३० चौरस सेंटिमीटर.

बीएमआय काढा : ५८ भागिले १.६५ चा वर्ग, म्हणजे २१.३. अगदी 'नॉर्मल'. पण वजनघट काढा : ६८ पैकी १० किलो, म्हणजे जवळजवळ १५ टक्के. बीएमआय बघणाऱ्याला हा माणूस ठीक वाटेल, वजनघट बघणाऱ्याला तो धोक्यात दिसेल. दुसरा बरोबर आहे.

आता स्नायू निर्देशांक : १३० भागिले २.७२, म्हणजे सुमारे ४७.८. हे कमी की पुरेसे?

कॅनडातल्या प्राडो आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासातली पुरुषांची मर्यादा ५२.४ आहे, स्त्रियांची ३८.५. त्यानुसार आपल्या रुग्णाचे स्नायू कमी. मार्टिन आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात बीएमआय २५ च्या आत असलेल्या पुरुषांसाठी मर्यादा ४३ आहे. त्यानुसार आपल्या रुग्णाचे स्नायू पुरेसे. माणूस तोच, स्कॅन तोच, निदानं दोन.

मग कोण चुकलं? कुणीच नाही. प्राडोंच्या मर्यादा श्वसन आणि पचनसंस्थेचे कर्करोग झालेल्या २५० स्थूल रुग्णांवरून काढलेल्या होत्या. त्या अभ्यासाचा मोठेपणा यात आहे की जाडजूड दिसणाऱ्या माणसाच्या आतही स्नायू संपलेले असू शकतात, आणि अशांचं आयुष्य कमी भरतं, हे त्यांनी दाखवलं. पण स्थूल कॅनडियन रुग्णांवरून काढलेली रेघ विदर्भातल्या शेतमजुरावर ओढायची का, हा प्रश्न आपला आहे.

इथे पुण्यातलं एक उदाहरण आठवतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा एकत्र फोटो आणि मोजमापं छापली होती. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'वाय-वाय विरोधाभास' म्हणतात. मुद्दा मधुमेहाचा होता, पण आपल्यालाही लागू पडतो. भारतीय माणसाकडे त्याच बीएमआयला स्नायू बरेचदा कमी असतात. आपला रुग्ण आजारी पडण्याआधीच स्नायूंच्या बाबतीत पातळ शिल्लक घेऊन येतो. त्याची किती झीज झाली आणि मुळातच किती कमी होतं, हे एका स्कॅनवरून सांगता येत नाही. म्हणून शक्य असेल तिथे दोन स्कॅनमधला फरक बघा. त्यात रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते.

साहचर्य दिसतं, कारण सिद्ध होत नाही

स्नायू कमी असलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती जास्त, किमोथेरपीचा त्रास जास्त आणि आयुर्मान कमी, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. किमोथेरपीबाबत एक पटण्यासारखं स्पष्टीकरणही आहे. औषधाची मात्रा सहसा उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागावर ठरते. दोन माणसांचा पृष्ठभाग सारखा, पण एकाच्या अंगात स्नायू कमी असतील तर त्याच्या प्रत्येक किलो चरबीविरहित वजनामागे औषध जास्त पडतं.

तरीही थांबा. पुढे गेलेला आजार स्नायूही झिजवतो आणि आयुष्यही कमी करतो. मग स्नायू कमी असणं हे कारण आहे की नुसती खूण? आजाराची पायरी, वय, दाह, शारीरिक क्षमता हे सगळं विश्लेषणात धरल्याशिवाय याचं उत्तर सुरूही होत नाही, आणि धरल्यावरही पुरतं मिळत नाही. स्नायू राखले तर निकाल बदलतो का, हे प्रयोगानेच कळेल.

दुसरा सापळा मला स्वतःला नडला. तीन महिन्यांनी दुसरा सीटी झालेल्या रुग्णांचाच अभ्यास करायचा असं मी ठरवलं होतं. आकडे छान दिसत होते, झीज अपेक्षेपेक्षा कमी. मॅडमनी विचारलं, "दुसऱ्या स्कॅनला कोण आलं नाही?" यादी काढली. काही जण दगावले होते, काही इतके खंगले होते की प्रवास झेपत नव्हता, काहींनी पैशांअभावी उपचार सोडले होते. सर्वांत जास्त झिजलेली माणसंच माझ्या डेटातून गळाली होती. जे उरले त्यांच्यावरून मी सगळ्यांबद्दल बोलायला निघाले होते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक तक्त्याच्या खाली 'न आलेले' अशी एक ओळ असते, कारणांसकट.

उपाय काय आहेत?

युरोपीय पोषण संस्थेची शिफारस अशी : रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे २५ ते ३० किलोकॅलरी, आणि प्रथिनं किलोमागे १ ग्रॅमच्या वर, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत. आपल्या ५८ किलोच्या रुग्णाला म्हणजे ५८ ते ८७ ग्रॅम प्रथिनं. आता आपल्याकडे आजाऱ्याला काय देतात ते बघा : साबुदाण्याची खीर, नारळपाणी, तांदळाची पेज, मोसंबीचा रस. प्रेमाने देतात, पचायला हलकं म्हणून देतात. पण साबुदाण्यात आणि नारळपाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. एक अंडं सुमारे ६ ग्रॅम देतं, पेलाभर दूध तेवढंच, ३० ग्रॅम डाळ सुमारे ७ ग्रॅम. हिशेब मांडला की कळतं, भरपूर खाऊनही प्रथिनांचा खड्डा राहू शकतो. प्रत्येकाला नेमकं काय झेपेल हे मात्र आहारतज्ज्ञ आणि उपचार करणारे डॉक्टरच ठरवतील. गिळताच येत नसेल तर नळीने आहार द्यायचा का हाही त्यांचाच निर्णय.

औषधांच्या बाबतीत तीन अभ्यास जरूर वाचा. पहिला पुद्दुचेरीच्या जिपमेर संस्थेचा, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला. जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाचे कर्करोग असलेल्या १२४ रुग्णांत किमोथेरपीबरोबर ओलान्झापिन हे जुनं, स्वस्त औषध २.५ मिलिग्रॅम रोज किंवा तसंच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. १२ आठवड्यांनी ५ टक्क्यांहून अधिक वजन वाढलेले औषधाच्या गटात ६० टक्के होते, दुसऱ्या गटात ९ टक्के. दुसरा २०२४ चा, पॉनसेग्रोमॅबचा. हे औषध जीडीएफ-१५ ला रोखतं. फुप्फुस, स्वादुपिंड आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या १८७ रुग्णांत १२ आठवड्यांनी वजन निष्क्रिय औषधाच्या तुलनेत वाढलं. तिसरा ॲनामोरेलिनचा. फुप्फुसाच्या कर्करोगातल्या चाचण्यांत चरबीविरहित वजन वाढलं, पण हाताची पकड सुधारली नाही. युरोपने त्याला परवानगी नाकारली, जपानने २०२१ मध्ये दिली, जठर, स्वादुपिंड आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगांसाठीसुद्धा.

हे तीन अभ्यास एकत्र ठेवले की प्रश्न आपोआप उभा राहतो. वजन वाढलं, पण ते कशाचं? स्नायू वाढले, पण माणूस उठून संडासला स्वतः जाऊ शकतो का? अभ्यासाचा शेवट आकड्यावर करायचा की कामावर?

तुम्ही सुरुवात करत असाल तर

प्रस्ताव लिहिण्याआधी चार गोष्टी पक्क्या करा. तुम्ही कुपोषण मोजताय, सार्कोपेनिया की कॅकेक्सिया, आणि कोणत्या व्याख्येने? मर्यादा कोणाच्या लोकसंख्येवरून घेतली, आणि दुसरी मर्यादा लावली तर निकाल टिकतो का? सगळ्या अवयवांचे कर्करोग एका पोत्यात भरताय का? अन्ननलिका आणि मोठं आतडं यांची सरासरी काढली तर ती कुणाचीच नसते. आणि शेवटी, तुमच्या अभ्यासातून कोण गळणार आहे, याचा अंदाज आधीच लिहून ठेवा.

पाचवी गोष्ट प्रस्तावात बसत नाही, पण सांगते. रुग्णाला हात लावून बघा. कानशील, दंड, मांडी, पायावरची सूज. सीटी कितीही अचूक असला तरी त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला तो बघत नाही.

त्या काकूंनी मला नंतर विचारलं होतं, "ताई, मग आता काय खायला घालू?" मी त्यांना आहारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. बराच वेळ बोलणं झालं. दर दोन तासांनी थोडं थोडं, पेजेत मुगाची डाळ, झेपेल तेव्हा अंडं, दुधात दुधाची पावडर. निघताना मी त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगितली. वजन वाढलं नाही तर तो तुमच्या स्वयंपाकाचा दोष नाही. त्यांनी पिशवीतल्या डब्याकडे बघितलं आणि मान हलवली.

'खाणं वाढवून पूर्ण उलटवता येत नाही' हे वाक्य टेबलासमोर आहे ते यासाठी. 'पूर्ण' हा त्यातला शब्द मी पेन्सिलने अधोरेखित केलाय. पूर्ण नाही, पण काही प्रमाणात येतं. ते प्रमाण किती, कुणात आणि कधीपर्यंत, हे शोधणं म्हणजे आपलं काम.